वळणाआधीचा खटका

२ फेब्रुवारी

दादा,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी आपण दोघं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून लिहिते आहे. कागदावर तरी तुला मध्येच "ते मला सांगू नकोस" असं म्हणता येणार नाही.

पहिली गोष्ट. बाबांच्या सायकलला तू घातलेलं कुलूप मी कापून घेतलं. किल्ली खिशात घालून तू विमानात बसलास, ती आता तिथेच कुठेतरी टाकून दे. रागावू नकोस असं म्हणत नाही, खुशाल रागाव, पण आधी ऐकून घे. कुलूप होतं तेव्हा बाबा रोज उजाडायच्या आत उठून सायकलशी झटत बसायचे. "पाणी सोडायचंय, लोक खोळंबलेत," एवढं एकच. एका सकाळी त्यांनी कुंडीखालचा दगड घेतला आणि कुलपावर घाव घालता घालता स्वतःची बोटं सोलवटून घेतली. दुसऱ्या सकाळी सायकलचा नाद सोडून चालतच निघाले, तेही टेकडीच्या उलट्या दिशेला. मोठ्या रस्त्यावर ते दूधवाल्याला सापडले. सायकलवर बसले की बाबा टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडेच जातात, पायी निघाले की कुठेही जातात. तुझं कुलूप चोरासाठी ठीक होतं, बाबांसाठी नव्हतं.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, टाकीचे व्हॉल्व्ह आता आपोआप उघडतात, कुठल्याशा ऑफिसात बसून कोणीतरी बटण दाबतं, हे सगळं मी त्यांना सांगते. ते नीट ऐकतात, "बरं झालं, हातांना आराम," असंही म्हणतात. आणि सकाळी परत पँटच्या पायाला क्लिप लावून दारात उभे. वर टाकीवरचा पहारेकरी भला आहे. एक जुनं, कशालाच न जोडलेलं चाक अजून भिंतीत आहे, ते तो त्यांना फिरवू देतो. "सुटलं पाणी, साहेब," म्हणतो. मग बाबा खाली येतात आणि पोटभर जेवतात. माझं नाव त्यांना आठवड्यातून एखाद्या वेळी आठवतं. टेकडीचा रस्ता मात्र रोज आठवतो.

माझी भीती काय आहे हे तुला सांगायला नको, कारण तुझीही तीच आहे. खडीच्या गाड्या त्या रस्त्यानं आता दिवसभर धावतात. ते मधलं वळण तर तुझ्या ओळखीचं आहे. तिथेच तू सुट्टीत तुझी लाल सायकल आडवी टाकून भोकाड पसरायचास आणि बाबा पाठीला हात लावून तुला वर ढकलायचे. त्या वळणावर समोरचं काही दिसत नाही. वरून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येईपर्यंत गाडी अंगावर आलेली असते. म्हणून दुसरी गोष्ट अशी की मी सायकल घेतली आहे. हस. मी याआधी सायकल चालवली तेव्हा मला दोन वेण्या होत्या.

पहिल्या दिवशी मी पुढच्या सगळ्यांत मोठ्या चकतीवर चेन ठेवून निघाले. मला वाटलं, मोठा गिअर म्हणजे मदतही मोठी. टेकडीच्या पायथ्याशीच गुडघ्यांनी हात टेकले, सायकल थांबली आणि मागे घसरायला लागली. पुढे बाबा लहान होत होत वळणाकडे चालले होते आणि मी हँडल धरून उलटी खाली जात होते. मागे काय येतंय ते बघायलाही मान वळेना. सायकल टाकून दिली आणि काठावर बसून राहिले. ते परत खाली येताना दिसेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी माझ्याकडे बघून कोणाही अनोळखी माणसाला करावा तसा हात केला आणि पुढे गेले.

सायकलच्या दुकानातल्या बाईंनी मला सरळ केलं. फार बोलतात, पण नवख्या माणसाला तसंच कोणीतरी लागतं. "चढावर पुढची चकती लहान, मागची मोठी. पाय भराभर फिरले पाहिजेत, पेडल ढकलावं लागता कामा नये. आणि गिअर बदलायचा खटका चढ लागायच्या आधी मारायचा. पायात जोर असताना मारलात तर चेन ओरडते, कधी उतरतेही." मी विचारलं, सगळ्यांत हलका गिअर म्हणजे म्हाताऱ्यांचा का? तर म्हणाल्या, "म्हाताऱ्यांचा कशाला? ज्याला वर पोचायचंय त्याचा." मग मी मागचे दाते मोजायला लागले. दिवसभर कवळ्या बनवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? माझ्या मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला आता माणसाच्या तोंडात असतात त्यापेक्षा दोन दात जास्त आहेत.

विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना ठेवतात ते, आकडे दाबून उघडायच्या दारांचं घर तू बघून ठेवलं आहेस आणि तिथे बाबांचं नावही घातलं आहेस, हे मला मावशीनं सांगितलं. "आता काही झालं तर मी येऊन घेऊन जाईन," असं तिला म्हणालास म्हणे. काही होणार नाही. मी त्यांच्या मागे असते.

तुझी,
धाकटी


१६ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही, तरी लिहिते. मला चढता येतं! वळणाच्या अलीकडे विजेचा खांब आहे, तिथे खटका मारते. पाय एकदम मोकळे होतात आणि मी मुंगीच्या चालीनं का होईना, वर जाते. कोणी बघितलं तर म्हणेल, बाई एवढे पाय मारतेय आणि सायकल जागेवरच आहे. म्हणू दे. बाबा मला अजूनही ओळखत नाहीत, पण काल वर पोचल्यावर पहारेकऱ्याला म्हणाले, "ही बाई रोज येते, चिकाटी आहे."

पण आता मागून येते म्हणून मला ते नीट दिसतात, आणि ते दिसणं चांगलं नाही. खांबापाशी ते दोन खटके मारतात. अंगठा आपोआप जातो, मान खाली असते. तरी त्यांचा गिअर जडच आहे. वळणावर ते पेडलवर उभे राहतात, सगळं अंग एकदा डावीकडे टाकतात, एकदा उजवीकडे. कानाजवळची शीर मला मागून दिसते. त्या वेळी मी श्वास धरते, मग मलाच धाप लागते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सायकल चालवू देत, पण हृदयावर ताण नको. हे ऐकून घरी आले आणि ताट वाढून घेतलं. समोर बाबा मजेत जेवत होते आणि मी त्यांच्या मानेकडे बघत होते.

म्हणून मी आज एक काम केलं. बाबा दुपारी झोपलेले असताना त्यांची सायकल दुकानात नेली आणि पुढची चकती लहान बसवून घेतली. आता प्रत्येकच गिअर आधीपेक्षा हलका. दुकानवाल्या बाईंनी विचारलं, "त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं, त्यांना कळणारही नाही, फक्त टेकडी थोडी कमी झाल्यासारखी वाटेल. जे मला लागू पडलं ते त्यांनाही पडेलच ना? उगीच तुझ्या त्या आकडेवाल्या दारांचं नाव काढू नकोस. बाबांचं भलं कशात आहे ते मलाही समजतं.

धाकटी


१८ फेब्रुवारी

दादा,

घाईत लिहिते. इकडे सगळं ठीक. बाबा झोपले आहेत. बागेत काम करताना त्यांच्या हाताला जरा खरचटलं, औषध लावलं आहे. मावशी काही वेगळं म्हणाली तर तिचं मनावर घेऊ नकोस, तिला वाढवून सांगायची सवय आहे.

धाकटी


२४ फेब्रुवारी

दादा,

इतक्या दिवसांनी तुझा निरोप आला आणि त्यात दोनच शब्द. "कुठली बाग?"

बरोबर. आपल्याकडे बाग नाही. दारात एक कुंडी आहे, आणि तिच्याखालचा दगडही मी आता उचलून ठेवला आहे. खोटं बोलायचं तर थोडी अक्कल लागते, ती त्या दिवशी माझ्याजवळ उरली नव्हती.

लहान चकती बसवल्याच्या दुसऱ्याच सकाळी असं झालं. दारातून निघाल्या निघाल्या बाबांनी खाली चेनकडे बघितलं. सपाट रस्त्यावरही त्यांचे पाय रिकामे फिरत होते. थोडं गेले, पुन्हा खाली बघितलं. "चेन पडली का हो?" असं मला विचारलं. मी म्हटलं, नाही हो, ठीक आहे, चला. मी म्हटलं, चला! खांब आला. त्यांचा अंगठा गेला, दोन खटके वाजले. मग ते नेहमीसारखे वळणावर पेडलवर उभे राहिले, सगळं अंग टाकलं, आणि खाली पेडल नव्हतंच. म्हणजे होतं, पण त्याला काही वजनच नव्हतं. अंधारात नसलेल्या पायरीवर पाय टाकावा तसं झालं त्यांचं. हँडल गर्रकन वळलं आणि ते रस्त्याच्या मधोमध कोपरावर पडले.

वरून गाडी येत होती. आवाज मी ऐकला, त्यांनीही ऐकला. पण ते उठले नाहीत, चेनला हात लावून बसले होते. मी सायकल टाकली आणि ओरडत धावले. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. चालकानं गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला घातली, खडी रस्त्यावर सांडली, खाली उतरून त्यानं मला वाट्टेल ते बोलून घेतलं. मी त्याचे हात धरले, माफी मागितली. आणि त्या एवढ्या वेळात मागे बघते तर बाबा नाहीत. सायकल होती, बाबा नव्हते.

दादा, मी काठावरून खाली बघितलं तेव्हा मला जे वाटलं ते मी कोणाला सांगणार नाही, तुलाही नाही.

दुपार झाली तेव्हा पहारेकऱ्याला ते सापडले. रस्त्याच्या खालच्या बाजूला, जुन्या नळाच्या मोठ्या पाइपला टेकून बसले होते. कोपराचं रक्त वाळलं होतं, पायात एकच चप्पल. मला बघून आधी त्यांनी अंग चोरलं. मग म्हणाले, "बाई, मला रस्ता सांगता का? टेकडी बदलली आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रस्ता त्यांना डोक्यानं कधी आठवतच नव्हता. दारापासून किती पाय मारले की खांब, खांबापाशी दोन खटके, मग मांडीत भरणारं ते वजन, ते वजन संपलं की टाकी. तेवढंच त्यांच्याजवळ शिल्लक होतं आणि ते मी त्यांच्या झोपेत काढून घेतलं, त्यांचा त्रास वाचावा म्हणून. माझ्या पायांना जे सुख होतं त्यानं त्यांची टेकडीच पुसली गेली.

तेव्हापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. क्लिप लावत नाहीत. खिडकीत बसून रस्त्यानं जाणाऱ्या माणसांकडे बघतात आणि म्हणतात, "सगळे तहानेले असतील." नळ सोडून दाखवला तर पाण्याकडे बघून रडतात. जेवण नुसतं चिवडतात. तू म्हणतोस ते घर असंच असणार ना? खिडकी, खुर्ची आणि बंद दार. ते मी इथेच तयार केलं, तुला यायचे कष्टही पडले नाहीत.

मावशीनं तुला कळवलं असेलच. तू तिकीट काढलं आहेस का? हे विचारायचीही मला भीती वाटते. तू नाही म्हणालास तरी वाटेल, हो म्हणालास तरी वाटेल.

धाकटी


३ मार्च

दादा,

तारीख कळली. महिनाअखेर येतोस, "तयारी करून ठेव" म्हणतोस. कसली तयारी ते मी विचारलं नाही. आधी हे वाच.

मी जुनी चकती परत बसवून आणली. दुकानवाल्या बाईंनी ती टाकली नव्हती. एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि त्या बाईंनी गप्प बसणं म्हणजे काय ते तू त्यांना ऐकलं असतंस तर तुला समजलं असतं. चेनही जुन्याच मापाची घातली. सायकल दारात नेहमीच्या जागी, नेहमीसारखी भिंतीला टेकून ठेवली आणि मी आत भाजी चिरत बसले. बोट कापलं, कारण लक्ष कानात होतं.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी ते दारापर्यंत गेले, सीटवरून हात फिरवला आणि परत आले. तिसऱ्या सकाळी क्लिपचा टक् आवाज आला.

मी अनवाणीच निघाले रे. चपला शोधत बसले असते तर ते निघून गेले असते. सपाट रस्त्यावर त्यांनी एकदा खाली बघितलं, तेव्हा मी ब्रेकवर बोटं नेली. पाय दाबून बघितले. मग मान वर केली. खांबापाशी दोन खटके वाजले. वळणावर ते पेडलवर उभे राहिले आणि मी मागून, त्यांच्याकडे बघण्याच्या नादात खटका वळणावरच मारून, माझ्या सगळ्यांत हलक्या गिअरवर, मनातल्या मनात त्यांना वर ढकलत होते. पेडलला वजन होतं. ते चढले. कानाजवळची ती शीर होती, धाप होती, सगळं होतं. मी घाबरलेलीच होते. पण वर गेल्यावर त्यांनी चाक फिरवलं, पहारेकरी म्हणाला, "सुटलं पाणी, साहेब," आणि बाबा कठड्यावर बसून हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं, हे आपलेच बाबा आहेत.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही खटका उशिरा मारता. वळणाआधी मारायचा. वळणावर मारून उपयोग नाही."

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हृदयाची खात्री देता येत नाही, आणि खिडकीत बसून ते किती दिवस काढतील त्याचीही देता येत नाही. म्हणजे काय करू, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. मलाच ठरवायचं आहे. मी रोज सकाळी ठरवते, आणि रोज ते परत येईपर्यंत मला वाटतं की मी चुकीचं ठरवलं.

उरलेली ती लहान चकती माझ्या टेबलावर, कवळ्यांच्या साच्यांशेजारी पडून आहे. फेकवत नाही.

धाकटी


९ मार्च

दादा,

हे पत्र तुला निघायच्या आधी मिळायला हवं, म्हणून आजच टाकते.

आज सकाळी नेहमीप्रमाणे खांब आला, दोन खटके वाजले. आणि वळणावर, जिथे ते पडले होते तिथेच, बाबांनी ब्रेक दाबला. पाय टेकला आणि मागे वळून उभे राहिले. मला वाटलं, झालं, टेकडी पुन्हा हरवली.

"चला ना," मी म्हटलं. "इथे थांबू नका, गाड्या येतात."

"थांबा. तो मागे राहिलाय."

"कोण?"

"मोठा. लाल सायकलवाला. इथे त्याला हात द्यावा लागतो, नाहीतर रडतो." आणि त्यांनी उजवा हात मागे लांब केला. तुझी पाठ जिथे यायची तेवढ्याच उंचीवर.

रस्ता मोकळा होता. मग वरून गाडीचा आवाज यायला लागला. मी त्यांचा दंड ओढला. ते जागचे हलेनात, तू तुझा हट्ट कुठून उचललास ते तुला माहीतच आहे. आवाज जवळ आला. तुला खरं सांगते, त्या क्षणी माझ्या तोंडातून रडणंच बाहेर पडत होतं, शब्द नाही. मग काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "बाबा, तो पुढे गेलाय. आज आपला आपण चढला. वर टाकीपाशी थांबलाय."

"एकटा चढला?"

"एकटा."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. पेडलवर उभे राहिले आणि असे निघाले की मला धरताच येईना. गाडी आमच्या कडेनं निघून गेली, धूळ डोळ्यांत गेली, आणि धुळीतून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती.

मी वर पोचले तेव्हा ते चाकापाशी नव्हते. सायकल हातात धरून टाकीला चक्कर मारत होते. एक चक्कर झाली, दुसरी सुरू केली. प्रत्येक कोपऱ्यावर थोडं वाकून पलीकडे बघायचे. पहारेकऱ्यानं विचारलं, "साहेब, पाणी सोडायचं ना?" तर म्हणाले, "जरा थांब. पोरगा इथेच कुठेतरी लपलाय." त्यांचा ऊर धपापत होता, तरी थांबत नव्हते. शेवटी मीच त्यांचा हात धरून चाकावर ठेवला.

खाली येताना त्यांनी ब्रेक नीट दाबले. घरी आले, जेवले. आता झोपले आहेत आणि मी दारात बसून हे लिहिते आहे, दोन्ही सायकली डोळ्यांसमोर ठेवून.

तुझी मोठेपणीची सायकल मी माळ्यावरून काढली. गंज होता, दुकानवाल्या बाईंनी घासून काढला. ती लहान चकती तिच्या पुढे बसवली आहे. तू इतकी वर्षं खुर्चीत काढलीस, तुला तीच लागेल. तू त्यांना न्यायला येतोस की भेटायला, हे मी आता विचारत नाही. पण जे ठरवायचं ते एकदा त्या वळणावर त्यांच्या मागे राहून मग ठरव. मला एकटीला फार भीती वाटते दादा. ते मरतील याची वाटते, आणि ते खिडकीत बसून जगतील याचीही वाटते.

महिनाअखेर लांब आहे. उद्या सकाळी ते वळणावर पुन्हा थांबतील, हात मागे करून. गाड्या येत असतील. "वर टाकीपाशी थांबलाय" असं माझं एकदा सांगून झालं आहे. उद्या काय सांगू?

तुझी,
धाकटी